पुढे निघतो का? खान्देशातल्या शहरांचे रस्ते आणि पसारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या वस्तीत शिरणारा रिक्षावाला मान बाहेर काढून विचारतो, "भाऊ, हाऊ रस्ता पुढे निघस का?" या पानावरचे सगळे प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात. मी ले-आउटचे, म्हणजे जमिनीत प्लॉट आणि रस्ते पाडण्याचे, नकाशे काढून पोट भरतो आणि रविवारी रस्ते मोजत हिंडतो. त्यामुळे ओळखीचे, अनोळखी, प्लॉट घेणारे, प्लॉटमध्ये फसलेले असे सगळेच मला विचारतात. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

१. रस्त्यांची जोडणी म्हणजे काय? आमच्याकडे तर गल्लोगल्ली काँक्रीट झालंय.

काँक्रीट झालं म्हणजे रस्ता चांगला झाला. तो जोडलेला आहे का, हे त्यावरून कळत नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेगवेगळ्या वाटा आहेत आणि त्या किती वळसा घालायला लावतात, याला जोडणी म्हणायचं. डोळ्यांसमोर कंगवा आणा. एक मुख्य रस्ता आणि त्याला बारा दाते. प्रत्येक दाता गुळगुळीत असेल, पण शेजारच्या दात्यावर जायचं तर मुख्य रस्त्यावर परत यावंच लागतं. आता बाजेची विणलेली सुतळी आठवा. एक पदर तुटला तरी बाज माणूस पेलते. आपली जुनी पेठ बाजेसारखी आणि हायवेलगतची नवी वस्ती कंगव्यासारखी, इतकं लक्षात ठेवलं तरी पुढचं कळेल.

२. हे आकड्यांत मोजता येतं का?

येतं, आणि शाळकरी गणिताने येतं. जिथे रस्ते मिळतात किंवा संपतात ती गाठ, आणि दोन गाठींमधला रस्त्याचा तुकडा म्हणजे दुवा. दुव्यांना गाठींनी भागायचं.

चार आडव्या आणि चार उभ्या रस्त्यांची चौकट घ्या. गाठी १६, दुवे २४, भागाकार १.५. आता वरचा कंगवा घ्या, दोन्ही बाजूंना दाते असलेला. वस्तीच्या तोंडाची १ गाठ, मधल्या रस्त्यावर ६ चौक आणि १२ बंद टोकं, अशा १९ गाठी. दुवे १८. भागाकार ०.९५. कुठेही फेरा पूर्ण होत नसेल तर दुवे नेहमी गाठींपेक्षा एकने कमीच भरतात, वस्ती कितीही मोठी असो.

गंमत पुढे आहे. याच कंगव्याच्या एका बाजूची सहा टोकं एका रस्त्याने जोडली, तर पाच दुवे वाढतात. २३ भागिले १९ म्हणजे १.२१. एक रस्ता, आणि त्या बाजूचं एकही घर कोंडलेलं राहत नाही.

दुसरं माप वळशाचं. चालत जायचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. चौकटीच्या रस्त्यांत एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना हे माप वाईटात वाईट १.४१ येतं, म्हणजे चौरसाच्या कर्णाचा हिशेब. तुमच्या घरापासून शाळेपर्यंत हे ३ किंवा ४ आलं, तर मधे काहीतरी आडवं आलेलं आहे. नाला, रूळ, नाहीतर कुणाचं कंपाउंड.

३. किती असलं म्हणजे चांगलं म्हणायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेने, म्हणजे यूएन-हॅबिटॅटने, एक ढोबळ शिफारस केली आहे. एका चौरस किलोमीटरमध्ये ८० ते १०० चौक, सुमारे १८ किलोमीटर रस्ते, आणि एकूण जमिनीपैकी साधारण ३० टक्के रस्त्यांना. दर शंभर मीटरवर रस्ता आखला तर हे आकडे जवळजवळ आपोआप येतात. शंभर मीटर म्हणजे फार नाही, सव्वाशे-दीडशे पावलं. आकडा तंतोतंत गाठायचा अट्टहास मी करत नाही. पण चौक मोजताना बंद टोकं चौकात धरू नका. ही चूक सर्रास होते आणि वस्ती आहे त्याहून चांगली दिसते.

४. शहर वाढणार म्हणजे पसरणारच. मग 'पसारा' हा दोष कधी?

माणसं वाढली त्याहून वेगाने जमीन खाल्ली गेली की. शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं ११.३.१ हे माप नेमकं हेच तपासतं. जमीन वापराचा वेग आणि लोकसंख्यावाढीचा वेग यांचं गुणोत्तर एकच्या वर गेलं की शहर विरळ होत चाललंय.

आपल्याकडे विरळपणाचं एक घरगुती कारण आहे. प्लॉट ही खान्देशात बँकेतली ठेव आहे. पोरीच्या लग्नाला, पोराच्या शिक्षणाला म्हणून घेतलेला बिनशेती प्लॉट वीस वर्षं बाभळी वाढवत पडून राहतो. त्यामुळे कॉलनीत चाळीस प्लॉट आणि नऊ घरं. पाणी, वीज, गटार मात्र चाळीस प्लॉटांच्या लांबीची. आणि त्यापुढच्या शेतात पुढचा ले-आउट पडलेला असतो.

पसारा आणि तुटकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण जोडीने येतात. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी जगभरच्या रस्त्यांचे नकाशे तपासले, तेव्हा १९७५ नंतर आखलेली जाळी एकंदरीत अधिकाधिक तुटक होत गेलेली दिसली. म्हणजे हे दुखणं एकट्या जळगाव-धुळ्याचं नाही. त्यांच्या कामातली मला पटलेली दुसरी गोष्ट अशी, की तुटक आखलेला भाग पुढेही तुटकच राहतो. घर पडतं, पुन्हा बांधतात. रस्त्याची रेघ हलत नाही.

५. खान्देशात सगळ्यात नीट जोडलेलं शहर कोणतं?

अख्खं शहर विचाराल तर एकही नाही. भाग विचारलात तर धुळ्याची जुनी पेठ. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणं म्हणून निवडलं. व्यापारी-कारागिरांना बोलावून जागा दिल्या आणि नवी वस्ती आखून वसवली. त्या आखणीची खूण आजही धुळेकराच्या पत्त्यात आहे. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, गल्ली नंबर सहा. गल्लीला देवाचं किंवा पुढाऱ्याचं नाव न देता नंबर देणारं शहर आपल्याकडे विरळाच. नंबर देता येतो, कारण गल्ल्या एकमेकींना समांतर आहेत आणि मधून आडव्या वाटा आहेत. आग्रा रोडवर मिरवणूक अडली तर धुळ्याचा माणूस न बोलता डावीकडे वळतो, एक गल्ली आत जातो आणि पुढे बाहेर पडतो.

हेच धुळे साक्री रोड, मालेगाव रोड किंवा देवपूरच्या पलीकडे गेलं की इतर शहरांसारखंच होतं. २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, अवधान यांसारखी गावं महापालिकेत आली तेव्हा त्यांच्या शिवारातले प्लॉट आधीच पडलेले होते. हद्द नंतर आली, रस्ते आधी ठरून गेले होते.

६. धुळ्याचा आराखडा सर विश्वेश्वरय्यांनी केला ना?

नाही. ब्रिग्जने धुळे निवडलं १८१९ मध्ये आणि विश्वेश्वरय्यांचा जन्म त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्या काळात खान्देशात होते. पांझरा नदीखालून पाणी नेणाऱ्या नळाच्या वक्रनलिकेचं, म्हणजे सायफनचं काम त्यांचं. त्या कामाचा मान मोठा आहेच, त्याला शहराच्या आखणीची जोड कशाला?

७. धुळ्याची पेठ एवढी नीट, मग देवपूरला जाताना वैताग का येतो?

मधे पांझरा आहे. दोन्ही काठांवर शंभर रस्ते असले तरी नदी ओलांडायला पूल मोजकेच, आणि सगळी वाहतूक त्याच तोंडांत शिरते. काठाने रस्ते झाले, पण ते नदीला समांतर. जोडणी मोजताना शहराचा एकच सरासरी आकडा काढला तर ही गोष्ट लपून जाते. म्हणून मी नेहमी अडसराच्या दोन्ही बाजू वेगळ्या मोजतो आणि मग ओलांडायच्या जागा वेगळ्या. रुळांचंही असंच, पुढचे दोन प्रश्न पाहा.

८. जळगाव सतत अडकलेलं का असतं? रस्ते रुंद करून सुटेल का?

२०११ च्या जनगणनेत जळगाव साधारण ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख, भुसावळ १ लाख ८७ हजार आणि नंदुरबार १ लाख ११ हजार. म्हणजे खान्देशातलं हे सगळ्यात मोठं शहर, आणि त्याला एकाच वेळी दोन कात्र्या लागलेल्या आहेत.

पहिली कात्री रेल्वेची. मुंबई-भुसावळ मार्ग आणि सुरतेकडून येणारा मार्ग जळगावात मिळतात. शिवाजीनगर, पिंप्राळा, आसोदा ही नावं जळगावकराला वस्तीपेक्षा फाटक आणि पूल म्हणूनच जास्त आठवतात. शिवाजीनगरचा जुना पूल पाडून नवा होईपर्यंतचा काळ ज्यांनी काढला, त्यांना जोडणी म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको. बाजार समोर दिसतोय आणि वळसा गावभर. रुळांखालच्या बजरंग बोगद्यात पाणी साचलं की पाऊस किती झाला ते बातम्यांच्या आधी कळतं.

दुसरी कात्री हायवेची. पूर्वीचा सहा नंबर, आताचा ५३ नंबर राष्ट्रीय महामार्ग, खोटेनगरपासून अजिंठा चौफुलीकडे शहराच्या पोटातून जातो. दोन्ही बाजूंच्या कॉलन्यांना आपसात जोडणारे रस्ते नाहीत. मग दूध आणायला जाणारी बाईसुद्धा ट्रकांच्या रस्त्यावर. 'समांतर रस्ते करा' ही जळगावची वर्षानुवर्षांची मागणी याच्यातूनच आली. लोकांनी तिला नियोजनाच्या भाषेतलं नाव दिलं नाही, पण मागत होते ते जोडणीच. हायवेचं चौपदरीकरण झालं, काही ठिकाणी भुयारी मार्ग झाले, त्याने ओलांडणं थोडं सोपं झालं. पण नुसती रुंदी वाढवली तर कंगव्याचा दांडा जाड होतो, दाते सुटेच राहतात.

उलट नवी पेठ, जुनं जळगाव इथे गर्दी भयंकर, पण माणूस अडकत नाही. इकडून नाही तर तिकडून निघतो. पिंप्राळा आणि मेहरूण ही मूळची गावं. त्यांच्या गावठाणात अजून गावासारख्या वाकड्या गल्ल्या आहेत आणि त्या एकमेकींना मिळतात. त्यांच्या सभोवती पडलेल्या कॉलन्यांपेक्षा जास्तच.

९. भुसावळ तर रेल्वेनेच आखलं. मग तिथे सगळं सरळ असायला हवं.

सरळ आहे, पण कुंपणाच्या आत. रेल्वेच्या वसाहतीत, पंधरा बंगल्याकडे संध्याकाळी चालून बघा. रुंद रस्ते, चिंच-कडुनिंबाची सावली, ओळीत क्वार्टर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा त्या सावलीची किंमत कळते. पण रेल्वेची हद्द संपते तिथे भिंत असते आणि पलीकडच्या गल्लीला त्या रस्त्याशी देणंघेणं नसतं. मधे रुळांचं मोठं यार्ड. शिवाय आयुध निर्माणीची जमीन आहेच, आणि ती सुरक्षेची बाब असल्याने तिथून वाट मागण्यात अर्थ नाही. रेल्वे आणि संरक्षण खात्याच्या जमिनीवर पालिकेचा विकास आराखडा चालत नाही, हे भुसावळ समजून घेताना पहिलं वाक्य.

१०. नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर: छोट्या शहरांत हा प्रश्न नसेल ना?

छोट्या शहरात अंतरं कमी म्हणून जाणवत नाही, इतकंच. अमळनेरला बोरी नदी आणि लोहमार्ग, चाळीसगावला तितूर आणि डोंगरी अशा दोन नद्या. २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात पूर आला, तेव्हा पूल बंद झाला की शहराचे तुकडे कसे पडतात ते सगळ्यांनी पाहिलं.

नंदुरबारची गोष्ट थोडी वेगळी. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन तो जिल्हा झाला. जिल्हा म्हटलं की कचेऱ्या आल्या, आणि कचेरीला मोठी मोकळी जागा गावाबाहेरच मिळते. जिल्हाधिकारी कार्यालय टोकरतलाव रस्त्यावर गेलं. जिथे कचेरी तिकडे प्लॉट. माणिक चौकाच्या आसपासचं जुनं गाव घट्ट विणलेलं, आणि कचेऱ्यांच्या दिशेचा भाग सुटासुटा.

११. शेजारी शेजारी कॉलन्या असून त्यांचे रस्ते एकमेकांना मिळत का नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून सविस्तर.

आपली शहरं गट नंबराने वाढतात. एक शेतकरी जमीन विकतो, एक विकासक घेतो, त्या एका गटाचा ले-आउट मंजूर होतो. शेजारच्या गटात तेव्हा कपाशी उभी असते. पाच-दहा वर्षांनी तोही गट विकला जातो, दुसरा विकासक, दुसरा नकाशा. जिथे शेताचा बांध होता तिथे आता कंपाउंडची भिंत येते. शहराच्या नकाशावर तुटलेले रस्ते बघा, ते बहुतेक जुन्या बांधांवरच तुटलेले दिसतील.

आमच्या घरामागचंच सांगतो. पश्चिमेचा ले-आउट आधीचा. त्याचा नऊ मीटरचा रस्ता बांधापर्यंत आणून सोडलेला. पूर्वेचा नंतर पडला, त्याचाही रस्ता बांधापर्यंत आला, पण अकरा पावलं उत्तरेला सरकून. मधे कुणाचा तरी प्लॉट आणि त्यावर आता दुमजली घर. भिंतीपलीकडचं किराणा दुकान माझ्या गच्चीतून दिसतं. सरळ साठ पावलं, रस्त्याने सातशेच्या वर. भिंतीला दोन्ही अंगांनी विटा रचून पायऱ्या केल्या आहेत. सकाळी शाळेची पोरं आधी दप्तर पलीकडे टाकतात, मग स्वतः उडी मारतात. दूधवाला पिशवी भिंतीवरून देतो. कुणीतरी चिडून विटा काढून टाकतं, दोन दिवसांत परत रचलेल्या असतात. वय झालेल्या माणसांना मात्र ती सोय नाही. आमच्या शेजारच्या आजी पलीकडच्या विठ्ठलमंदिरात जायच्या, गुडघे गेल्यापासून घरीच आरती करतात.

यात वाईट हेतू नेहमी असतोच असं नाही. हिशेब असतो. बांधापर्यंत रस्ता नेला तर त्या टोकाचा एक प्लॉट जातो, आणि शेजारच्या शेताला फुकटात वाट मिळून त्याचा भाव वाढतो. आपल्या खर्चाने शेजाऱ्याचा फायदा कोण करील? मी स्वतः असा नकाशा काढला आहे. मालक म्हणाला, "बांधावरून आमचा वाद चालू आहे, तिथे रस्ता दाखवू नका, प्लॉट टाका." मी टाकला. मंजूरही झाला. आज तिथून जाताना मान खाली जाते.

१२. मग मंजुरी देणाऱ्यांनी अडवायला नको का? नियम काय म्हणतो?

नियम आपल्या बाजूचा आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ले-आउट मंजूर करताना शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी समन्वय साधणं तिच्यात आवश्यक मानलं आहे. शेजारचा मंजूर नकाशा काढून त्यातला रस्ता नव्या नकाशावर ठिपक्यांनी दाखवला, की सरकलेली अकरा पावलं टेबलावरच दिसतात. अर्ध्या तासाचं काम. जुन्या ले-आउटना हा उपाय उशिराचा आहे, त्यांच्यासाठी प्रश्न १६ पाहा.

शहराचे मोठे रस्ते मात्र ले-आउटमध्ये ठरत नाहीत, विकास आराखड्यात ठरतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात. लोक तेव्हा फक्त आपल्या शेतावर आरक्षण पडलं का ते बघतात आणि घरी जातात. 'आमच्या दोन वस्त्यांमध्ये रस्ता दाखवा' अशीही सूचना देता येते. ती द्या.

१३. आराखड्यात आमच्याकडे डी. पी. रोड आहे, जागेवर शेत आहे. असं कसं?

डी. पी. म्हणजे विकास आराखडा. आराखड्यात रेघ ओढली म्हणजे जमीन पालिकेची झाली असं नाही. ती संपादन करावी लागते. रोख मोबदला, टी. डी. आर. (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जादा चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा देऊन. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. म्हणून दीड किलोमीटरच्या रस्त्यात मधला चाळीस मीटरचा तुकडा राहून गेलेला दिसतो. दोन्ही बाजूंनी डांबर, मधे ज्वारी. जोडणीच्या हिशेबात तो दीड किलोमीटरचा रस्ता नसतो, दोन बंद टोकं असतात.

१४. गावठाणातल्या गल्ल्या इतक्या अरुंद, त्या तुटलेल्याच म्हणायच्या का?

नाही. अरुंद वेगळं, तुटकं वेगळं. बोळातून चारचाकी जात नसेल, अग्निशमनाचा बंब जात नसेल, तो खरा धोका आहे. पण पायी आणि सायकलने गावठाण उत्तम जोडलेलं असतं.

१५. गुंठेवारीच्या वस्तीत काय परिस्थिती असते?

गुंठेवारी म्हणजे शेतजमीन मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी तोडून विकणं. मंजूर नकाशा नाही, स्टॅम्पपेपरवर व्यवहार, दहा-बारा फुटांची वाट. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घेण्याची सोय झाली. ऐकायला विचित्र वाटेल, पण काही गुंठेवारी वस्त्या मंजूर कॉलन्यांपेक्षा चांगल्या जोडलेल्या मी पाहिल्या आहेत. लोकांनी जिथून गरज होती तिथून वाट पाडली. तिथे अडचण रुंदीची आणि गटाराची. शिवाय काळी माती. तापीच्या खोऱ्यातली ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खडी न टाकलेली जोडणारी वाट जून ते सप्टेंबर नसल्यात जमा. मोजणी करायची तर एकदा ऑगस्टमध्येही करा.

१६. बंद रस्ता बराच की. पोरं खेळतात, चोऱ्या कमी, बाहेरची वाहनं नाहीत. उघडायचा कशाला?

हा मुद्दा खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. संध्याकाळी बंद टोकाला क्रिकेट रंगतं, ते चौकात रंगणार नाही.

पण वाहनाची जोडणी आणि माणसाची जोडणी एकच नव्हे. भिंतीत चार फुटांची फट ठेवायची, मधे दोन लोखंडी खांब रोवायचे. माणूस, सायकल, बाळाची गाडी जाते, ट्रॅक्टर जात नाही. टोकाचं क्रिकेटही चालू राहतं. प्रश्न ११ मधल्या भिंतीला मी हेच सुचवलं होतं. दोन्ही कॉलन्यांची बैठक झाली, चहा झाला, आणि 'त्यांच्याकडची पोरं इकडे येतील' या एका वाक्यावर ती मोडली. त्यांच्याकडच्या बैठकीतही हेच वाक्य बोललं गेलं असं नंतर कळलं.

१७. आमच्या कॉलनीने रस्त्यावर गेट लावलं आहे. चालतं का?

मंजूर ले-आउटमधला रस्ता पालिकेकडे हस्तांतरित झाला असेल तर तो सार्वजनिक. कॉलनीने ठराव केला म्हणून तो बंद करता येत नाही. झाला आहे की नाही ते नगररचना किंवा बांधकाम विभागात अर्ज करून विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका.

१८. आजोबांच्या वेळचा शिवरस्ता कॉलनी पडल्यावर गायब झाला. परत मिळेल का?

आधी गावनकाशा काढा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरही गटांच्या हद्दी दिसतात. शिवरस्ता (शिवेवरून जाणारा रस्ता) किंवा गाडरस्ता (गाडीवाट) मूळ नकाशावर दाखवलेला असेल तर तुमची बाजू भक्कम, कारण प्लॉट पाडल्याने तो नाहीसा होत नाही. शेतात जाण्याच्या वाटेवर अडथळा केला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्ही तरतुदी शेतीसाठी आहेत. कॉलनीतल्या घरमालकाला त्या लागू पडतील असं समजू नका.

माझा अनुभव असा, की जुने शिवरस्ते हेच शहराच्या कडेला उरलेले खरे जोडरस्ते. ते दोन गावांना जोडायचे, त्यामुळे कुठेतरी निघायचेच.

१९. मोबाइलच्या नकाशात रस्ता आरपार दिसतो, गेलो तर भिंत. असं का?

उपग्रहाच्या चित्रावरून रेघा ओढतात. वरून भिंत दिसत नाही, झाडाखालचं फाटक दिसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर उलटही होतं. दोन रस्ते जागेवर मिळतात, पण काढणाऱ्याने रेघ दोन मीटर अलीकडे सोडलेली असते आणि संगणक त्याला बंद टोक समजतो. छोट्या शहरांच्या नकाशात गावठाणातले बोळ अनेकदा नसतातच. म्हणून नुसत्या नकाशावरून 'अमुक शहर तमुकपेक्षा तुटक' असं काढलेलं अनुमान मी जागेवर गेल्याशिवाय मानत नाही. चूक सापडली तर ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतः दुरुस्त करता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

२०. बायपास झाला की शहरातली कोंडी सुटेल?

लांब पल्ल्याचे ट्रक बाहेर जातील, तेवढा श्वास मिळेल. पाळधी ते तरसोद बायपासकडून जळगावला हीच अपेक्षा. पण ज्यांना शहरातल्या शहरात, खोटेनगरातून महाबळला जायचं आहे, त्यांच्यासाठी बायपास काय करणार?

आणि बायपासच्या कडेने लगेच ढाबा, मग गोडाऊन, मग एन. ए., म्हणजे बिनशेती प्लॉटची कमान. आपल्याकडे प्रत्येक फाट्याचं असं गाव होतं. पंधरा वर्षांनी तोही रस्ता पोटातला होतो, आणि कॉलन्यांचे दाते त्याला लागलेले असतात. बायपासला थेट तोंड न देता आतून समांतर रस्ता ठेवला तरच हे टळतं, आणि तो जमीन शेतीची असतानाच राखावा लागतो.

२१. आमच्या रस्त्याच्या टोकाला ओपन स्पेस आहे, पलीकडे दुसऱ्या कॉलनीचा रस्ता. मधून रस्ता काढता येईल का?

वाहनांचा रस्ता सहजासहजी नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटला १० टक्के खुली जागा सोडावी लागते. त्यातली पट्टी रस्त्यात गेली तर खुली जागा कमी भरते, म्हणून सुधारित ले-आउटची मंजुरी लागेल, आणि प्लॉटधारकांपैकी एखादा तरी हरकत घेतोच.

पण बहुतेक ठिकाणी त्या जागेत आधीच बाग किंवा जॉगिंग ट्रॅक होणार असतो. तो होताना दोन्ही बाजूंना एकेक फाटक ठेवायला सांगा आणि पायवाट एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत न्या. जागा बागच राहते, माणसं आरपार जातात. अंदाजपत्रक बनण्याआधी अर्ज द्या. कुंपणाचं काम सुरू झालं की ठेकेदार एकच फाटक लावून मोकळा होतो, कारण कागदावर एकच असतं.